अनावश्यक प्रश्नास एक गुण वजा

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावावाचून आता कुणाचंच काही अडत नाही. माझं अडतं, म्हणून लिहिते आहे. सुरुवातीला ‘आदरणीय’ लिहायला घेतलं होतं. नन्सनी हाताला लावलेली सवय आहे ती, पत्र कुणालाही असो, वरती मान द्यायचाच. पण पेन त्या शब्दावर काही चालेना. तेव्हा नुसतं सर. तेवढे तर तुम्ही होतातच, नोकरीने.

अकरावीचा पहिला तास आठवतो. अकरावी-बारावी कॉलेजात येऊन तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती, आणि पालघरच्या त्या कॉलेजात आम्ही सगळे आपण एकदम मोठे झालो अशा समजुतीत बसलो होतो. तुम्ही दारातून आत येता आणि मी ताडकन उभी राहते. नुसती उभी राहत नाही, कॉन्व्हेंटात शिकवला होता तसा सूर लावून, लांबवून म्हणते, “गुड मॉर्निंग, सर.” अख्ख्या वर्गात मी एकटी. बाकीचे माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे, आणि मागच्या बाकांवरून खसखस पिकते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, “बसा. इथे प्रार्थना होत नाही.” हे तुमचं माझ्याशी झालेलं पहिलं बोलणं. मी अकरा वर्षं, शिक्षक आला की उभं राहायचं, हे एवढं अंगात मुरवून आले होते, आणि तुम्ही ते एका वाक्यात हास्यास्पद करून टाकलंत. तरी मी रोज उभी राहिले. वर्ष संपेपर्यंत. तुम्हाला वाटलं असेल आदराने. पहिल्या महिन्यानंतर ते हट्टाने होतं.

मग तुम्ही तो कागद वाटलात. सायक्लोस्टाइल केलेला, जांभळट शाईचा, बोटांना डाग लागणारा. वर इंग्रजीत मथळा होता: विद्यार्थ्यांकडून अपेक्षा आणि वर्गाचे नियम. आमच्याकडून अपेक्षा. आम्ही तुमच्याकडून काय अपेक्षा करावी याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती, आणि मागची बाजू कोरी होती, म्हणजे जागा नव्हती असंही नाही. तुम्ही तो कागद मोठ्याने वाचून दाखवलात, एकेका नियमावर थांबत, जसं काही आम्हाला शिक्षा सुनावताय. घंटा झाली की दार बंद. लॉग टेबल ज्याचं त्याने आणायचं, शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावायचं नाही. आलेखाच्या अक्षांना नावं दिली नाहीत तर आलेख तपासला जाणार नाही. गाइड दिसलं तर खिडकीबाहेर. छत्र्या वर्गाबाहेर. आणि तुम्ही म्हणालात, “हे कॅल्क्युलसच्या आधीचं गणित आहे. फंक्शन, लॉग, त्रिकोणमिती. हा उंबरठा आहे. कॅल्क्युलस बारावीत. उंबरठ्यावर जो अडखळला त्याला मी आत घेत नाही.” फळ्यावर खडू आपटलात. मला ते फार आवडलं होतं, सर. लाज वाटते सांगायला, पण घरी जाऊन मी ते वाक्य बाबांना म्हणून दाखवलं होतं.

खरा नियम खाली होता, शेवटच्या दोन ओळींत. प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करून, उभं राहून, इंग्रजीत विचारायचा, आणि धडा आधी वाचलेला असला तरच विचारायचा. शिक्षकाच्या मते प्रश्न अनावश्यक असेल तर ट्युटोरियलच्या वीस गुणांतून एक गुण वजा. आणि ट्युटोरियलमध्ये ज्याला निम्मे गुण नसतील त्याला बारावीला गणित मिळणार नाही, कारण कॉलेजचा निकाल सांभाळायचा असतो. शिक्षकाच्या मते. या दोन शब्दांवर माझं पुढचं आयुष्य उभं राहणार आहे हे मला तेव्हा कळलं नाही. माझं इंग्रजी चांगलं होतं. मला वाटलं, हा नियम माझ्या बाजूचा आहे.

माझ्या बाकावर तारापूरकडच्या कोळीवाड्यातली मुलगी बसायची. पहाटे आईबरोबर मासळी निवडून, मग बोईसरपर्यंत येऊन माझ्याच शटल गाडीने पालघरला यायची. तिच्या वेणीला खोबरेल आणि खाऱ्या वाऱ्याचा एकत्र वास असायचा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. गणितात माझ्यापेक्षा तल्लख. उदाहरण तुम्ही फळ्यावर मांडायच्या आत तिचं उत्तर वहीच्या कोपऱ्यात तयार. पण तुमचं इंग्रजी सुरू झालं की तिचा चेहरा बंद व्हायचा. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात तुम्ही लॉगरिदम सुरू केलंत आणि तिने बाकाखाली मला चिमटा काढला.

“ए बाय, त्या लॉगच्या खाली त्यो दहा कशाला लिवलाय?”

“असतो.”

“असतो म्हंजे? पाच लिवला तर काय होईल? ईचार ना त्याला.”

“तू विचार.”

“माजं इंग्लिश ऐकून त्यो खिडकीतून उडी मारंल. तू ईचार गो. तुजं तोंड चालतं.”

मी उभी राहिले. “एक्स्क्यूज मी, सर. व्हाय डू वुई टेक टेन अॅज द बेस?” इतकं शुद्ध, इतकं नम्र वाक्य त्या वर्गाने आधी ऐकलं नव्हतं. तुम्ही फळ्याकडून वळलाही नाहीत. “बिकॉज द बुक टेक्स इट. मायनस वन.” आणि टेबलावरच्या यादीत माझ्या नावापुढे एक बारीक रेघ ओढलीत. तुमचा हात सफाईदार होता, ते मी मान्य करते.

तिथे थांबायला हवं होतं. कुठलीही शहाणी मुलगी थांबली असती. पण तासानंतर उमरोळीहून येणाऱ्या मुलांनी मला जिन्यात गाठलं. “ए मिस,” त्यातला एक म्हणाला. माझं नाव तेव्हापासून ‘मिस’च पडलं. “आमचा पन एक ईचारशील का? त्या फंक्शनचा. एका एक्सला दोन वाय नाय चालत, तर दोन एक्सला एक वाय कसा चालतो? आमी कवाधरनं डोकं फोडतोय.” पोरं लाजून हसत होती. पण प्रश्न चांगला होता. मी तो दुसऱ्या दिवशी विचारला. मायनस वन. मग पॅराबोलाचा. मग साइनच्या आलेखाचा, की त्या कोनाला आपण एकदम आडवी रेघ कशी काय करून टाकतो. सकाळी शटलमध्ये उमरोळीला दार उघडलं की प्रश्न आत चढायचे. मी ते मनात इंग्रजीत बसवायची, दोनदा म्हणून बघायची, आणि वर्गात उभं राहून तुम्हाला द्यायची. वर्गातले सगळे पेन सरसावून बसायचे, कारण तुम्ही चिडलात की चिडण्याच्या भरात कधीकधी अर्धंमुर्धं उत्तर देऊन टाकायचात, आणि ते अर्धंमुर्धं उत्तर पुस्तकापेक्षा बरं असायचं. त्या सगळ्यांचं गणित त्या उत्तरांवर तरलं. आणि प्रत्येक उत्तराला माझ्या नावापुढे एक रेघ.

मी सांगितलं का नाही, हा प्रश्न मला लोकांनी नंतर खूप विचारला. ते प्रश्न माझे नाहीत, एवढंच तर म्हणायचं होतं. पण आमच्या शाळेतली एक म्हातारी सिस्टर होती, ती म्हणायची, एकदा उभी राहून बोललीस की ते वाक्य तुझं. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं असेल तर बसूनच राहा. आणि चुगली हा तर आमच्याकडे खोटं बोलण्यापेक्षा मोठा गुन्हा होता. त्यातून, खरं सांगायचं तर, मला ते आवडायचं. वीजकेंद्रातल्या कामगाराची, घाटावरून पोट भरायला आलेल्याची मुलगी मी. पहिल्यांदाच सगळ्यांना माझी गरज होती. आणि मला मनापासून वाटायचं की तुम्हाला कळतंय. इतके वेगवेगळे प्रश्न एकटी मुलगी कसे विचारेल? कुणीही माणूस एकदा मागे वळून वर्गाकडे बघेल, सगळ्यांचे पेन बघेल आणि समजेल. तुम्ही वर्षभर फळ्याकडे तोंड करून उभे होतात.

मार्चमध्ये बोर्डावर ट्युटोरियलचे गुण लागले. माझे निम्म्याहून कमी. माझ्या बाकावरच्या मुलीला पैकीच्या पैकी. तिने वर्षभरात एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

ती बोर्डासमोर पांढरीफटक पडली. “मी जाऊन सांगते त्याला. आत्ताच सांगते.”

“काय सांगशील?”

“प्रश्न माजे व्हते म्हनून.”

“कुठल्या भाषेत सांगशील?” मी म्हणाले. ते लागलं तिला, मला दिसलं. मग मी म्हणाले, “सांगितलंस तर तुझेही कापेल. आणि त्या उमरोळीच्या पोरांचेही. मला मिळणार नाहीतच. तू गप्प बस.”

मी एकटी तुमच्या स्टाफरूममध्ये गेले. तुम्ही चहा बशीत ओतत होतात. मी म्हटलं, सर, मला बारावीला गणित हवं आहे, मला इंजिनिअरिंगला जायचंय. परीक्षेत मला चांगले गुण आहेत. तुम्ही मराठीत बोललात त्या दिवशी, स्टाफरूममध्ये नियम वेगळे असावेत. “जो इतके प्रश्न विचारतो त्याला काही समजलेलं नसतं. मी वर्षभर पाहतोय.”

“सर, ते प्रश्न...”

दाराच्या फटीतून मला ती दिसत होती. वेणीचं टोक तोंडात धरून उभी.

“ते प्रश्न काय?”

“काही नाही, सर.”

“बघा. हे आणखी एक अनावश्यक वाक्य.” तुम्ही शेजारच्या सरांकडे बघून हसलात. मग बशी तोंडाला लावलीत, आणि घोट संपल्यावर, अगदी समजावल्यासारखं म्हणालात, “बायॉलॉजी घ्या. मुलींची चित्रं छान येतात.”

सर, तुमच्या त्या चहाला मी इतक्या वर्षांत किती वेगवेगळी विषं घालून बघितली आहेत मनात, ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चहा सोडून दिला असतात.

माझे बाबा वीजकेंद्रात होते, हेल्पर म्हणून लागले आणि ऑपरेटरपर्यंत पोचले. त्यांची एकच गोष्ट होती, ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. साहेब लोक, इंजिनिअर लोक फेरीला आले की सगळे कामगार उभे राहतात. “एक दिवस माझी पोरगी फेरीला येईल, आणि मी सगळ्यांच्या आधी उभा राहीन.” आई म्हणायची, मुलीसाठी बापाने उभं राहायचं असतं का कधी? ते म्हणायचे, मी राहणार. मी घरी येऊन सांगितलं की मला गणित मिळत नाही. बाबा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते, डबा हातात होता. त्यांनी चपला घातल्या, पुन्हा काढल्या, आत येऊन पाणी प्यायले. म्हणाले, “बायॉलॉजी तर बायॉलॉजी. डॉक्टर आली तरी उभे राहतातच.” डॉक्टर व्हायला किती गुण लागतात हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. हे तुमच्या कागदावर कुठल्या नियमात बसतं?

मी झाडांची, बेडकांची चित्रं काढली. छान आली, तुम्ही म्हणालात तशी. मग केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. निवृत्त झाले तीही तिथूनच. दिवसभर काम काय, तर टाकीतल्या द्रावणाचा पीएच बघायचा. आणि पीएच म्हणजे काय, सर? लॉग. पाया दहा. माझा पहिला गुण ज्याच्यापायी गेला तोच लॉग मी नोकरीभर रोज सकाळी तोंडाला फडकं बांधून मोजला. दहा का, याचं उत्तर मला तिथे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत आम्ल दहापट पातळ करताना मिळालं. नुसतं बघून, हाताने. अर्ध्या मिनिटाचं उत्तर होतं ते. तुम्हाला वळून सांगता आलं असतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि बोईसर स्टेशनजवळ क्लास काढलात तेव्हा मी तिथून जवळच सरावलीला राहत होते. नव्वदची सुरुवात असेल. तुमच्या क्लासच्या दाराला तोच कागद, आता काचेच्या फ्रेममध्ये. मी जाऊन बघून आले. एक शब्द बदलला नव्हता, फक्त आता त्या नियमांसाठी लोक फी भरत होते. आमच्या चाळीत एका उत्तर प्रदेशातून आलेल्या फिटरची मुलगी होती, अकरावीला. एका संध्याकाळी ती माझ्या पायरीवर बसून रडत होती. “आंटी, सर बोले बाहर जाओ, इंग्लिश सीखके आओ. मैंने तो बस पूछा कि फंक्शन क्या होता है.” माझा नवरा आत भाजी चिरत होता, तो मला नंतर म्हणाला, तू त्या वेळी हसलीस, आणि ते हसणं बघून मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला काळा रंग मारून फळा. मीही एक कागद लिहिला, नियमांचा, आणि दाराला लावला. दार उघडं राहील. उशीर झाला तर चप्पल आवाज न करता काढावी. दुसऱ्याच्या लॉग टेबलात खुशाल डोकावावं. प्रश्न मराठी, हिंदी, मांगेली, भोजपुरी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारावा, आणि बसून विचारला तरी चालेल. ज्याने प्रश्न विचारला नाही त्याने घरी जाऊ नये. अक्षांना नावं द्यावीत, हा तुमचा एक नियम मी ठेवला, कारण तो बरोबर होता. मी सूड घेत होते, आंधळी झाले नव्हते.

पोरं आली. तो फिटर शिफ्टच्या बसमध्ये बोलला, ती गोष्ट वसाहतभर झाली. तुमच्या क्लासमधली पोरं एकेक करून माझ्या सतरंजीवर आली, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याला मी विचारायची, आधी कुठे होतास रे? तो सांगायचा आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. हे चांगुलपण नव्हतं. लोकांनी मला नंतर चांगली म्हटलं, शाल दिली, मी ती घेतली. पण ते चांगुलपण नव्हतं, सर, तुमची बाकं रिकामी करणं होतं. त्यातून पोरं गणित शिकली तो त्यांचा फायदा.

मग तुम्ही आलात. संध्याकाळची वेळ, वर्ग भरलेला, फळ्यावर पॅराबोला. तुम्ही दारात उभे, एका हातात छत्री, पायऱ्या चढून दम लागलेला. केस पूर्ण गेले होते. पोरं तुमच्याकडे बघून गप्प झाली, त्यातल्या निम्म्यांना तुम्ही ओळखत होतात. मी हा प्रसंग हजार वेळा मनात घडवला होता. त्यात मी काय बोलणार ते इंग्रजीत, व्याकरणासकट तयार होतं.

तुम्ही म्हणालात, “बाई, तुम्ही माझी मुलं पळवता.”

“दार उघडंच असतं,” मी म्हणाले. “जी येतात ती स्वतःच्या पायांनी येतात.”

“तुमचं शिक्षण काय गणितात?”

“अकरावी. तुमच्या हाताखाली.”

तुम्ही माझ्याकडे निरखून पाहिलंत. डोळे बारीक करून, जुनी यादी आठवत असल्यासारखं. मी वाट बघत होते. “कुठली बॅच?” तुम्ही म्हणालात. तुम्हाला आठवत नव्हतं. वर्षभर रोज एकटी उभी राहणारी मुलगी, मायनस वन, मायनस वन, स्टाफरूममधली बशी, काही काही आठवत नव्हतं. मी सांगितलं असतं तरी तुम्हाला ते माझ्याकडून ऐकावं लागलं असतं, आणि ऐकीव गोष्टीची कुणाला लाज वाटत नाही. मी तयार केलेलं सगळं इंग्रजी तसंच राहिलं.

आणि मग तुम्ही, अगदी साधेपणाने, चौकशी केल्यासारखं विचारलंत, “मग बारावीचं का घेत नाही? कॅल्क्युलस? ही मुलं पुढे कुठे जातात?”

सगळी पोरं माझ्याकडे वळली. तीही हा प्रश्न मला कधीची विचारत होती. मी दरवेळी म्हणायची, मला वेळ नाही. तुम्हालाही तेच म्हणाले. “वेळ नाही.” तुम्ही मान हलवलीत, छत्री उचललीत आणि उतरून गेलात. मी पोरांना सांगितलं, फळ्याकडे बघा. माझा खडू दोनदा मोडला.

पुढच्या वर्षी तुमचा क्लास बंद झाला. त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात. पालघरला कॉलेजात शोकसभा होती, मी रजा टाकून गेले. मुद्दाम गेले. शिस्तप्रिय, तळमळीचे, विद्यार्थ्यांना घडवणारे, एकेक जण उठून बोलत होता आणि मी मागच्या खुर्चीवर प्रत्येक विशेषणापुढे मनात एक बारीक रेघ ओढत होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली. सगळं सभागृह उठलं. खुर्च्यांचा आवाज झाला. आणि मी, सर, शिक्षक आला की ताडकन उठणारी मी, बसून राहिले. पाय आपोआप उठायला निघाले होते. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. शेजारच्या बाईने वाकून विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय.

हे सगळं तुम्हाला ऐकवायचं होतं. इथे पत्र संपायला हवं होतं.

पण निवृत्त झाल्यावर मी पालघरच्या दुकानातून बारावीचं गणिताचं पुस्तक आणलं. आमच्या वेळचं नाही, नवं, गुळगुळीत पानांचं. दुकानदार म्हणाला, नातवासाठी का? मी म्हटलं, हो. दुपारी नवरा झोपला की खिडकीशी बसून मी ते वाचते. तुमच्या उंबरठ्याच्या आतलं. पहिली प्रकरणं ओळखीची होती, पळत पार केली. मग डेरिव्हेटिव्ह आलं आणि मी एका ओळीवर अडकले. कितीतरी दिवस मी त्याच ओळीवर आहे.

माझी बाकावरची मैत्रीण बारावीला गणित घेऊन पास झाली, डी.एड. करून समुद्राकाठच्या शाळेत शिक्षिका झाली, ती पण आता निवृत्त आहे. दरवर्षी मला सुके बोंबील पाठवते. वास नको म्हणून आईच्या वेळेपासून ते आमच्या घरात येत नाहीत, गॅलरीत टांगून ठेवावे लागतात आणि तिथेच भाजून खावे लागतात. मी तिला फोन केला. म्हटलं, तू तर त्यांच्या हाताखाली कॅल्क्युलस शिकलीस, ही ओळ मला सांग. तिने ओळ ऐकून घेतली. मग खूप वेळ हसली.

“मला कुठं समाजलंय गो? बारावीला तू व्हतीस का ईचारायला? वर्गात कोन उभा राहनार? आमी सगळी गप बसलो नि पाठ केला.”

म्हणजे तो प्रश्न तुमच्या वर्गात कुणी विचारलाच नाही. वर्षामागून वर्षं तुम्ही फळ्यावर ती ओळ लिहिलीत आणि मागे वर्ग गप्प होता. तुम्हाला वाटलं असेल, सगळ्यांना समजलंय. मैत्रिणीने फोन ठेवल्यावर मला आधी भयंकर आनंद झाला. मग तो ओसरला, आणि ओळ तिथेच होती. हल्ली मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतात. नातेवाइकांची पोरं दाखवायला तयार आहेत. पण मी मनात तो प्रश्न जुळवायला लागले की समोर फळा येतो आणि फळ्याकडे तोंड केलेली तुमची पाठ येते. दुसरं कुणी येत नाही. हे मला आवडत नाही. पण आहे ते असं आहे.

तर विचारते. धडा वाचून आले आहे. इंग्रजीत विचारणार नाही. पहिल्या ओळीत आपण एचने, म्हणजे एक्समधल्या त्या इवल्याशा फरकाने, भागतो, कारण एच शून्य नाही, शून्य असता तर भागता आलंच नसतं. हे पुस्तक ठासून सांगतं. मग भागून झालं, काम झालं, की पुढच्याच ओळीत त्याच एचच्या जागी शून्य लिहून मोकळे होतो. एकाच माणसाला सकाळी आहे म्हणायचं आणि संध्याकाळी नाही म्हणायचं, हे चालतं कसं?

कुणी चिमटा काढलेला नाही, सर. हा प्रश्न माझा आहे. पत्र मी त्याच पानात घालून पुस्तक मिटते आहे. गुण कापायचा असेल तर कापा, पण या वेळी वळून बघा.